बेसिन, आरसा आणि नळ : घराची दुरुस्ती करताना ज्येष्ठांसाठी बाथरूम कसे असावे?

दिवाळी झाली की गंगाखेडमध्ये घरांची कामे निघतात. घरात लग्न ठरलेले असते, पाहुणे येणार असतात, म्हणून जुनी मोरी फोडून नवे बाथरूम बांधले जाते. भिंतीला छतापर्यंत टाइल्स, ग्रॅनाइटच्या ओट्यावर बेसिन, मोठा आरसा, चमचमते नळ. घर छान दिसते. मात्र पुढच्या काही महिन्यांत अशाच एखाद्या घरातले आजोबा किंवा आजी माझ्या दवाखान्यात येतात.

गेल्या हिवाळ्यात सत्तरीच्या एका आजींना त्यांचा मुलगा घेऊन आला. मनगट सुजून वाकडे झाले होते. मुलगा म्हणाला, "डॉक्टरसाहेब, चाळीस वर्षं आई त्या जुन्या मोरीत आंघोळ करत होती, कधी पडली नाही. नवं बाथरूम होऊन पंधरा दिवस झाले नाहीत तर पडली." बेसिनवर तोंड धुऊन त्या वळल्या, ओल्या टाइलवर पाय सरकला आणि हात टेकला. मनगटावर भागले, खुबा वाचला, हे नशीब.

मी त्यांना नावे ठेवू शकलो नाही, कारण हीच चूक माझ्या घरी झाली होती. आमच्याकडे काम निघाले तेव्हा टाइल्सचा रंग निवडायला आम्ही चार वेळा दुकानात गेलो. आईला बेसिनची उंची किती लागेल, हे मात्र एकदाही विचारले नाही. नंतर तोल गेला म्हणून तिने टॉवेलचा दांडा धरला आणि दांडा भिंतीतून उपसून हातात आला. ती खाली बसली, मुका मार लागला, एवढ्यावर निभावले. रोज दुसऱ्यांना सल्ला देणाऱ्या माणसाला त्या दिवशी आपल्याच घरातला धडा मिळाला.

म्हणून हा लेख. गवंडी आणि प्लंबर येण्याआधी तो वाचला तर जास्त उपयोग होईल.

थोडक्यात महत्त्वाचे

- बाथरूममधील फरशी चकचकीत नको, खरखरीत हवी.
- बेसिनची उंची घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला उभे करून ठरवा.
- हाताला धरायला पक्का दांडा हवा. टॉवेलचा दांडा त्या कामाचा नाही.
- दार बाहेर उघडणारे आणि कडी बाहेरूनही काढता येणारी हवी.
- औषधे आरशामागच्या कपाटात ठेवू नका.
- गॅस गिझर बाथरूमच्या आत बसवू नका.

पडणे ही साधी गोष्ट का नाही?

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे दगावतात. अपघाती इजांमुळे होणाऱ्या मृत्यूंमध्ये रस्ते अपघातांनंतर पडण्याचाच क्रमांक लागतो. त्यात ६० वर्षांवरील लोकांचे प्रमाण सर्वाधिक आहे.

वय वाढते तशी हाडे ठिसूळ होतात. स्त्रियांमध्ये पाळी बंद झाल्यावर हे जास्त वेगाने होते. तरुण माणूस पडला तर खरचटते, तिथे आजींचे खुब्याचे हाड मोडते. खुबा मोडला की माणूस अंथरुणाला खिळतो. मग छातीत कफ साठून न्यूमोनिया, पाठीला जखमा, पायाच्या शिरेत रक्ताची गाठ, लघवीचा जंतुसंसर्ग असे एकामागून एक सुरू होते. खुबा मोडलेल्या ज्येष्ठांपैकी साधारण पाचातला एक जण वर्षभरात दगावतो, असे अनेक देशांतील अभ्यासांत आढळले आहे. जे वाचतात त्यांतल्याही अनेकांना पूर्वीसारखे चालता येत नाही.

जुन्या मोरीत न पडलेले माणूस नव्या बाथरूममध्ये का पडते?

मराठवाड्यातली जुनी मोरी आठवून पाहा. खाली शहाबादी फरशी, तीही हाताने घडवलेली, खरबरीत. जागा लहान, त्यामुळे दोन्ही हातांना भिंत लागायची. आंघोळ बसून व्हायची. आपल्याकडच्या कितीतरी ज्येष्ठांनी गोदावरीच्या घाटावर दगडी पायऱ्यांवर आंघोळी केल्या आहेत. ओल्या दगडावर पाय कसा टाकायचा, हे त्यांच्या पायांना माहीत असते.

नव्या बाथरूममध्ये हे सगळे बदलते. फरशी गुळगुळीत असते, तिच्यावर साबणाचा थर बसतो. जागा मोठी झाल्याने हाताशी भिंत नसते. दाराशी उंबरा किंवा दोन-तीन इंचांची पायरी असते. बेसिन पांढरे, टाइल्स पांढऱ्या, फरशीही पांढरट. मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांना बेसिनची कड कुठे संपते आणि पाणी कुठे सांडले आहे, हेच कळत नाही.

त्यात शरीराची कारणे मिसळतात. झोपेतून एकदम उठल्यावर रक्तदाब खाली येतो. उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा रक्तदाब २० अंकांनी किंवा त्याहून जास्त उतरला, तर चक्कर येण्याचा धोका असतो. रक्तदाबाच्या, लघवी वाढवणाऱ्या, प्रोस्टेटच्या आणि झोपेच्या गोळ्यांनी हा त्रास वाढू शकतो. काही पुरुषांना रात्री उभे राहून लघवी करताना भोवळ येते. मधुमेह जुना असेल तर तळपायाची संवेदना कमी झालेली असते, पाय नेमका कुठे पडला ते समजत नाही.

बेसिनची जागा आणि उंची

*जागा :* शक्य असेल तर बेसिन आंघोळीच्या ओल्या भागापासून वेगळे ठेवा. आपल्याकडे अनेक घरांत ते बाहेर पॅसेजमध्ये असते. ही पद्धत चांगली आहे, कारण रात्री तोंड धुवायला ओल्या फरशीवर जावे लागत नाही. मात्र टॉवेल बेसिनच्या अगदी हाताशी ठेवा. टॉवेल चार पावलांवर असेल तर ओल्या हातांचे पाणी त्या चार पावलांवर सांडते.

*उंची :* बेसिनची वरची कड जमिनीपासून साधारण ३२ इंच (सुमारे ८० सेंटिमीटर) ठेवली तर बहुतेकांना सोयीचे पडते. ओट्यावर वाडग्यासारखे ठेवलेले बेसिन घेतले तर ही उंची सहज ३५-३६ इंचांवर जाते. पाच फुटांच्या आजींना मग टाचा उंचावून तोंड धुवावे लागते. टाचा उंचावल्या की तोल जातो. म्हणून ओट्याची उंची ठरवताना त्यावरच्या बेसिनची उंची मिळवून मोजा. सोपा उपाय म्हणजे गवंडी समोर असताना आजींना भिंतीशी उभे करा, तोंड धुण्याची कृती करायला सांगा आणि तिथे खूण करा.

*खालची जागा :* बेसिनखाली पूर्ण कपाट करण्याचा आग्रह असतो. घरात अर्धांगवायू, पार्किन्सन किंवा गुडघ्याच्या त्रासाचे रुग्ण असतील तर निदान मधला भाग मोकळा सोडा. तिथे पाय जातील अशी, सुमारे २७ इंच उंचीची मोकळी जागा असली की स्टुलावर किंवा चाकाच्या खुर्चीवर बसून दाढी, दात घासणे, तोंड धुणे जमते. हे आज लागणार नाही, पाच वर्षांनी लागू शकते.

*आधार :* माणूस तोल गेल्यावर जे समोर असेल ते धरतो, म्हणजे बहुधा बेसिनच. फक्त दोन खिळ्यांवर भिंतीला टांगलेले चिनी मातीचे बेसिन भाराने निखळू किंवा फुटू शकते. फुटलेल्या कडा सुरीसारख्या असतात, हाताच्या शिरा व स्नायू कापले जातात. बेसिन मजबूत ओट्यात किंवा पक्क्या ब्रॅकेटवर बसवा. तडा गेलेले बेसिन वापरत राहू नका. ओट्याचे कोपरे टोकदार न ठेवता गोल करून घ्या.

नळ, आरसा आणि दिवा

*नळ :* गोल फिरवायचा नळ संधिवाताच्या बोटांना आणि ओल्या, साबणाच्या हातांना जड जातो. एका दांडीने वर-खाली होणारा नळ मनगटाने किंवा कोपरानेही उघडता येतो. बोअरच्या जड पाण्याने नळावर पांढरा थर बसतो आणि नळ घट्ट होत जातो. अधूनमधून लिंबाने किंवा व्हिनेगरने तो साफ करा.

*आरसा :* खालची कड बेसिनच्या थोडीच वर असू द्या, म्हणजे बसलेल्या माणसालाही चेहरा दिसेल. घरात स्मृतिभ्रंशाचे रुग्ण असतील तर एक गोष्ट लक्षात ठेवा. काहींना आरशातला माणूस परका वाटतो आणि ते घाबरतात. तसे दिसले तर आरशावर पडदा टाकता येईल अशी सोय करा.

*दिवा :* चेहऱ्यावर उजेड पडेल असा, डोळ्यांवर न येणारा दिवा आरशाच्या वर किंवा दोन्ही बाजूंना लावा. बटण दाराच्या बाहेर, अंधारात हात जाईल अशा जागी ठेवा. पलंगापासून बाथरूमपर्यंत रात्रभर छोटा दिवा चालू राहू द्या. लोडशेडिंग होते तिथे चार्जिंगचा दिवा लावलेला बरा.

*वीज :* दाढीचे यंत्र, हेअर ड्रायर, गिझर यांचे पॉइंट पाण्याच्या शिंतोड्यांपासून लांब ठेवा. घराला चांगले अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. वीज गळती झाली की तो क्षणात पुरवठा तोडतो. बादलीत टाकायचा हीटर शक्यतो वापरूच नका. वापरलाच तर प्लग काढल्याशिवाय पाण्यात बोट घालू नका.

मधुमेह असणाऱ्यांसाठी : पाय तपासण्याची जागा

ही सोय मी प्रत्येक मधुमेही रुग्णाच्या घरी सुचवतो आणि तिला खर्च जवळजवळ नाही. बेसिनजवळ कोरड्या जागी रबरी बुडाचे, साधारण १८ इंच उंचीचे पक्के स्टूल, चांगला उजेड आणि एक छोटा हातातला आरसा ठेवा. रोज पाय धुतल्यावर बसून पाय पुसा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा आणि तळपाय आरशात पाहा. भेग, फोड, लाली, काटा रुतलेला, नखाच्या कडेला सूज यांतले काही दिसले तर दुखत नसले तरी दवाखान्यात या. न दुखणारी जखमच मधुमेहात जास्त घातक असते. पाय कापायची वेळ अनेकदा अशाच दुर्लक्षित फोडापासून येते.

फरशी, दांडे आणि दार

- फरशी : मॅट फिनिशच्या, न घसरणाऱ्या टाइल्स घ्या. लहान आकाराच्या टाइल्सना सांधे जास्त असतात, त्यामुळे पाय चांगला धरतो. दुकानात टाइलवर पाणी ओतून अंगठ्याने घासून पाहा. फरशीचा रंग भिंतीपेक्षा वेगळा ठेवा.
- उतार : पाणी साचू नये म्हणून जाळीकडे दर चार फुटांना साधारण अर्धा इंच उतार पुरतो. जास्त उतारही तोल घालवतो.
- धरायचे दांडे : कमोडच्या बाजूला, आंघोळीच्या जागी आणि बेसिनशेजारी स्टीलचे दांडे बसवा. जाडी सव्वा ते दीड इंच, भिंतीपासून अंतर दीड इंच, उंची ३३ ते ३६ इंच. ते टाइलवर चिकटवून चालत नाही, मागच्या विटांत अँकर बोल्टने पक्के करावे लागतात. भिंत चार इंची किंवा पोकळ विटांची असेल तर टाइल्स लावण्याआधीच मिस्त्रीला सांगा. नंतर टाइल फोडावी लागते. बसवल्यावर घरातल्या धडधाकट माणसाने पूर्ण भार टाकून ओढून पाहावे.
- कमोड : बसायची उंची १७ ते १९ इंच असावी. फार खालून उठताना गुडघे आणि तोल दोन्ही साथ देत नाहीत.
- दार : आत उघडणाऱ्या दारामागे माणूस पडला तर दार उघडत नाही. मौल्यवान वेळ दार तोडण्यात जातो. दार बाहेर उघडणारे किंवा सरकते ठेवा. उंबरा काढता येत असेल तर काढा. नसेल तर त्याला ठळक रंग द्या.

गरम पाणी : भाजणे आणि गॅस गिझर

६० अंश सेल्सिअसच्या पाण्याने पाच सेकंदांच्या आत खोल भाजू शकते. ५० अंशांना तेवढेच भाजायला काही मिनिटे लागतात. ज्येष्ठ आणि लहान मुलांची त्वचा पातळ असते, त्यांना त्याहूनही लवकर भाजते. आपल्याकडे बादलीने आंघोळ होते. त्यामुळे साधा नियम पाळा : बादलीत आधी गार पाणी, मग गरम. पाणी पायाने नव्हे, कोपराने तपासा. मधुमेहात पायाला गरम कळत नाही आणि फोड आल्यावरच लक्षात येते.

गॅस गिझर बंद बाथरूममध्ये असेल तर ज्वाला प्राणवायू वापरते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नसतो, वास नसतो. आधी डोके दुखते, मळमळते, मग शुद्ध हरपते. काहींना झटके येतात आणि त्यांच्यावर फिटचा आजार म्हणून उपचार सुरू होतात. महाराष्ट्रात या कारणाने मृत्यू झाले आहेत. असा गिझर बाहेर मोकळ्या हवेत बसवा आणि पाणी नळीने आत आणा. आंघोळीला गेलेले माणूस हाक देत नसेल तर दार उघडून आधी त्याला मोकळ्या हवेत आणा, गॅस बंद करा आणि १०८ ला फोन करा.

बेसिनवरच्या आणि खालच्या कपाटात काय ठेवू नये?

*औषधे :* आरशामागचे कपाट औषधांसाठी सोयीचे वाटते, पण आंघोळीची वाफ आणि दमटपणा यांनी गोळ्या खराब होतात. साखर तपासण्याच्या पट्ट्या दमट झाल्या तर आकडे चुकीचे येतात. त्या आकड्यांवर इन्सुलिनचा डोस ठरवणे धोक्याचे आहे. औषधे घरातल्या थंड, कोरड्या आणि मुलांचा हात पोहोचणार नाही अशा जागी ठेवा.

*ॲसिड आणि फिनाइल :* बेसिनखालच्या कपाटात हे सर्रास ठेवले जाते आणि अनेकदा थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून. लहान मूल ते पाणी समजून पिते. मूळ बाटलीतच, कुलपात आणि उंचावर ठेवा. कुणी प्यायलेच तर उलटी करायला लावू नका. मिठाचे पाणी, ताक, लिंबू काहीही देऊ नका. तोंड पाण्याने धुवा आणि बाटलीसह रुग्णालय गाठा. ब्लीचिंग आणि ॲसिड एकत्र करून बाथरूम धुऊ नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि श्वास कोंडतो.

*साठवलेले पाणी :* नळाला रोज पाणी येत नाही म्हणून नव्या बाथरूममध्येही हौद किंवा पिंप लागतेच. त्याला घट्ट झाकण करून घ्या आणि आठवड्यातून एकदा रिकामे करून, घासून कोरडे करा. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि साधारण आठ ते दहा दिवसांत अंड्याचा डास होतो.

पडल्यास काय करावे?

- लगेच ओढून उठवू नका. आधी विचारा, कुठे दुखते? हात-पाय हलतात का?
- एक पाय आखूड झालेला आणि बाहेर वळलेला दिसत असेल, पाय उचलता येत नसेल तर खुबा मोडल्याची शक्यता मोठी असते. उभे करू नका. १०८ ला फोन करा.
- मालीश, शेक किंवा हाडवैद्याकडे ओढून बसवणे यात दिवस घालवू नका. खुब्याचे ऑपरेशन शक्यतो पहिल्या ४८ तासांत झालेले चांगले. गंगाखेडहून परभणी सुमारे ४० किलोमीटर आहे, अंतर मोठे नाही. उशीर होतो तो "दोन दिवस बघू" म्हणण्याने.
- डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर माणूस बरे दिसत असले तरी तपासणी करा. मेंदूभोवतीचे रक्त हळूहळू साठून काही आठवड्यांनीही गुंगी, डोकेदुखी, चालण्यात फरक दिसू शकतो.
- काही मोडले नसले तरी डॉक्टरांना सांगा. ज्येष्ठ माणसे पडल्याचे लपवतात, कारण मग घरचे एकटे कुठे जाऊ देणार नाहीत, ही भीती असते. का पडले, हे शोधायला बसून आणि उभे राहून रक्तदाब, साखर, दृष्टी आणि चालू गोळ्या तपासाव्या लागतात. गोळ्या मनाने बंद करू नका.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

घर भाड्याचे आहे, तोडफोड करता येत नाही. काय करावे?
रबरी बुडाचे आंघोळीचे स्टूल, न सरकणारी रबरी चटई, रात्रीचा दिवा आणि गरज असल्यास खुर्चीचे कमोड. आतली कडी लावू नये, दारावर फक्त पाटी अडकवावी. एवढ्यानेही धोका बराच कमी होतो.

चिकटणारे, हवेने धरणारे हँडल चालते का?
नाही. ते ओल्या टाइलवरून कधी सुटेल सांगता येत नाही. खोटा आधार आधार नसण्यापेक्षा वाईट.

बाथरूममध्ये कोणती चप्पल घालावी?
खाली खाचा असलेली, मापाची, मागे पट्टा असलेली रबरी चप्पल. झिजून गुळगुळीत झालेली चप्पल टाकून द्या.

वडील म्हणतात, "मला काय झालंय? दांडे म्हाताऱ्यांना लागतात."
हे मी रोज ऐकतो. वाद घालू नका. दांडा सगळ्यांसाठी आहे असे सांगून लावा. गरोदर सुनेला, ताप आलेल्या मुलाला, गुडघा दुखणाऱ्या आईला तो लागतोच. काही दिवसांनी वडीलही धरू लागतात.

शेवटी एक विनंती

टाइल्सच्या दुकानात जाण्याआधी एका संध्याकाळी घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला घेऊन जुन्या बाथरूममध्ये जा. त्यांना विचारा : हात कुठे टेकता? कुठे भीती वाटते? रात्री कितीदा उठता? त्यांची उत्तरे कागदावर लिहून मिस्त्रीच्या हातात द्या. माझ्या घरी मी हे काम संपल्यावर केले. आईने धरायच्या तीन जागा दाखवल्या. त्यांतल्या एकाही जागी आम्ही दांडा लावला नव्हता. दोन टाइल्स फोडून ते दांडे आता बसवले आहेत. त्या जागी टाइलचा रंग थोडा वेगळा दिसतो, पण त्याची खंत घरात कुणालाच नाही.

*ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. आपल्या आजाराबद्दल आणि चालू औषधांबद्दल आपल्या डॉक्टरांशी बोलूनच निर्णय घ्या.*